कुऱ्हाडीचं नेढं

आज तासगावात लोहारमामांकडं कुऱ्हाड करून घेतली. म्हटलं, "मामा, दांडा बसायचं भोक, म्हणजे नेढं, ड्रिलनं पाडा की!" मामा नुसते हसले. पोलाद पिवळंजर्द तापवलं, त्यावर सुंबा (भोक पाडायचा पोलादी दांडू) धरला, मामींनी घण घातला. (काय नेम बाईंचा!) दर तीन-चार घावांनी सुंबा पाण्यात, भोकात चिमूटभर कोळशाची पूड, नाहीतर तो आतच रुतून बसतो. मग तुकडा उलटा केला. सुंब्याखालचा भाग ऐरणीला दाबून गार झालेला, तिथं काळा ठिपका. त्यावरच नेम धरून दोन घाव, आणि भोकातनं तुटलेली लोखंडाची टिकली खाली! ड्रिलनं भोकाएवढं सगळं लोखंड भुगा होऊन जातं. इथं बरंचसं बाजूला सरकतं, नेढ्याच्या कडा जाड राहतात.

टिकली खिशात घालून आणलीय. बायको विचारतेय, हे काय आणलंस आता?