मोर्च्यानं काय होतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

स्वेटर अंगाला लावून बघता बघता लोक विचारतात. भाव ठरतो, पिशवी भरली जाते, तेवढ्यात गल्ल्यामागे लावलेला तिबेटचा, हिमसिंहांचा झेंडा नजरेस पडतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "ताई, तुमी दरसाल मोर्चा काढता, काय होते जी त्याच्यानं? चीनले काही फरक पडते काय?" कॉलेजात मैत्रिणी हेच विचारायच्या, बँकेतले साहेब विचारतात, आता मुलीच्या शाळेतल्या बाईसुद्धा विचारतात. आजवर मी हसून विषय बदलत आले, कारण गिऱ्हाईक उभं असतं आणि खरं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. एकदा नीट सांगून टाकते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तो मध्येच निघणार नाही. "इथंच जन्मलात, इतकं चांगलं मराठी बोलता, मग तुम्ही इथल्याच झालात की!" हो, इथलीच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग वसाहत हे माझं गाव. १९७२ मध्ये आमची माणसं तिथं आली आणि थंड पठारावरच्या त्या माणसांनी झाडीपट्टीच्या उन्हात धानाच्या बांध्या केल्या. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला कायद्यानं नागरिकत्व मिळतं, त्यात मी बसते. भावानं पासपोर्ट काढला, मी अजून परदेशी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्रच वापरते. त्यावरून आमच्या घरात वाद झालेत, ते इथं नकोत. पण इथली असणं आणि तिथल्यांसाठी रस्त्यावर उतरणं यात मला कधीच अडचण दिसली नाही. ती तुम्हालाच का दिसते, हे मीही विचारू शकते.

आता मोर्चा. १० मार्च तुम्हाला माहीत आहे, १९५९ मध्ये ल्हासात चीनविरुद्ध झालेल्या उठावाचा दिवस. दुसरा १० डिसेंबर, मानवी हक्क दिन. १९८९ मध्ये दलाई लामांना नोबेल मिळालं तेही याच तारखेला. हा दिवस ऐन हंगामात येतो. माल लुधियानाहून उधारीवर आणलेला असतो, कमाईचे महिने हातावर मोजण्याइतके, तरी त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या बाजारातली दुकानं बंद असतात. नागपुरात तेव्हा अधिवेशनाचे दिवस. टेकडी रोडला, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला मोर्चे अडवलेले असतात: अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धानाला बोनस मागणारे आमच्याच भागातले शेतकरी. त्यांच्याकडे निदान एखादा मंत्री निवेदन घ्यायला येतो. आमचं निवेदन कोण घेणार? ज्याच्याकडे मागायचं तो इथं नाही, आणि तो जिथं आहे तिथं मागणाऱ्याला तुरुंगात टाकतात.

गावाकडच्या माणसांना मी फेरफाराचं सांगते. चुलत्यानं परस्पर तुमच्या शेतावर आपलं नाव चढवायला घेतलं, तलाठ्यानं चावडीवर नोटीस लावली आणि तुम्ही मुदतीत हरकत घेतली नाही, तर नोंद प्रमाणित होते. हरकत घेतली म्हणून शेत लगेच ताब्यात येत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तरी तो तहसीलला खेटे घालतोच. तिबेटच्या बाबतीत बाकीच्या सह्या झालेल्या आहेत. तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग आहे, हे २००३ मध्ये भारतानंही लेखी मान्य केलं. उरली आहे ती आमची हरकत. ती बंद झाली की वादच नव्हता असं म्हणायला ते मोकळे.

"पण इतकं शांत राहून काय मिळालं?" हेही विचारता. आम्ही बुद्धाची माणसं म्हणून मवाळ, असा तुमचा समज असतो. आमच्यात बंदूक धरलेली माणसं होती. नेपाळच्या मुस्तांगमधून वर्षानुवर्षं लढणाऱ्यांनी १९७४ मध्ये दलाई लामांचा टेप केलेला निरोप ऐकून शस्त्रं खाली ठेवली. काहींना ते सहन झालं नाही, त्यांनी जीव दिला. म्हणजे आमची अहिंसा आयती आलेली नाही. आणि खरं सांगायचं तर तत्त्वाइतकीच त्यात सावधगिरीही आहे. मोर्च्याला पोलिसांची परवानगी, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. कुणी एक दगड भिरकावला तर त्याचं नोंदणी प्रमाणपत्र धोक्यात येईल आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही. आमच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांना हे दिसत नाही.

पंचविशीतल्या मला ही शिस्त असह्य व्हायची. २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत आले तेव्हा आमचा एक कार्यकर्ता ओबेरॉय हॉटेलच्या बाजूनं परांचीवर चढून झेंडा फडकवून आला होता, ते डोक्यात होतं. २००८ मध्ये धरमशाळेहून तिबेटकडे पायी निघालेल्या शंभर जणांना पोलिसांनी कांगडा जिल्ह्यातच अडवलं, तेव्हा मी वसाहतीतल्या मोठ्यांशी कडाकडा भांडले. निवेदनं पुरे झाली, असं मी म्हणाले. दलाई लामांचा मध्यम मार्ग, म्हणजे चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता, मला तेव्हा शरणागती वाटायची. आम्हाला रांगझेन हवं होतं, पूर्ण स्वातंत्र्य. आज मी त्या मुलीला गप्प बसवू शकत नाही. तिबेटात २००९ पासून दीडशेहून अधिक माणसांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यांच्यानंतर नागपुरात घोषणा देऊन घरी जेवायला येणं पुरेसं आहे, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? तिच्याकडे वेगळी वाटही नव्हती, एवढंच मला म्हणता येतं.

आता ज्यामुळे हे लिहायला बसले ते. १९५९ मध्ये आजीनं चार वर्षांच्या माझ्या आईला पाठीशी बांधून आणलं. थोरली लेक तेव्हा मामाकडे होती, ती मागे राहिली. पन्नासहून जास्त वर्षं दोघी बहिणींना एकमेकींचा आवाज माहीत नव्हता. मग वीचॅट आलं, काठमांडूला व्यापाराला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून नंबर मिळाला. पहिल्या दिवशी दोघी बोलल्याच नाहीत, नुसत्या रडल्या. पुढे सवय झाली. सकाळी दुकान उघडायच्या आधी आई फोन कानाशी धरून मावशीचे निरोप ऐकायची: आटलेल्या दुधाचे, गुडघ्यांचे, यार्चागुंबू, म्हणजे औषधी बुरशी, खणायला डोंगरावर गेलेल्या नातवंडांचे. राजकारणाचा शब्द नाही, दलाई लामांचं नाव नाही. आईनं विदर्भातल्या मे महिन्याचं सांगितलं की मावशी म्हणायची, एवढ्या उन्हात माणूस जगतो कसा?

एका डिसेंबरात संविधान चौकात मी पहिल्या रांगेत होते. हातात गेदुन च्योकी न्यिमाचा फोटो होता. दलाई लामांनी पंचेन लामा, म्हणजे त्यांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून घोषित केलेला हा मुलगा सहा वर्षांचा असताना, १७ मे १९९५ ला, चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसकट उचललं. त्यानंतर तो जगाला दिसलेला नाही. कुणीतरी आमचा फोटो काढला, पेपरात आला, मोबाइलवर फिरला. मी स्वतः तो कुठं टाकला नव्हता.

लोसारच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, थोडं आधी मावशीचा निरोप आला. आवाज तिचाच, पण कुणी समोर बसून वदवून घ्यावं तसा सपाट. "घरी माणसं आली होती. तुझ्या मुलीचा फोटो दाखवला. तिला सांग, घरी बसायचं. तब्येतीला जप. आता फोन करू नकोस." शेवटी मागे कुणीतरी खोकलं. आई म्हणते, तो मावशीच्या घरातला माणूस नव्हता. घरातल्या सगळ्यांचे आवाज तिला पाठ होते, मला नव्हते. आईनं उत्तर पाठवलं, तर मावशीनं तिला यादीतून काढून टाकलेलं होतं. त्यांनी मला ओळखलं कसं, याचा उलगडा नंतर झाला: आईनंच कधीतरी कौतुकानं माझे फोटो मावशीला पाठवले होते.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या जागी शेजारचं पोर उभं राहिलं असतं, तरी मोर्चा झाला असता." मी तिला खूप ऐकवलं. म्हणाले, शेजारच्या पोरालाही तिकडे कुणी असेल. म्हणाले, त्यांना हेच हवंय, आपण एकेक करून घरी बसावं. त्यातला एकही शब्द आज मागे घेत नाही. पण रात्री दिवा मालवल्यावर आई तो निरोप परत परत लावायची आणि भिंतीपलीकडे मला ते खोकणं ऐकू यायचं.

गलवाननंतर, जून २०२० मध्ये, सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅटही गेलं. ओळखीच्या गिऱ्हाइकांनी माझं अभिनंदन केलं. त्यांचं चुकलं नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या वसाहतीत मात्र घराघरांतला तिकडचा आवाज थांबला. मावशीनं मन बदललं असतं, तरी आता आम्ही तिला सापडणार नव्हतो.

तर फरक पडतो का? पडतो. नागपूरच्या चौकातल्या चार बाया-माणसांची त्यांना पर्वा नसती, तर तो फोटो घेऊन तिबेटातल्या एका म्हातारीच्या दाराशी कुणी गेलं नसतं. एवढं सैन्य, एवढे कॅमेरे, आणि संविधान चौकातली एक स्वेटरवाली त्यांना खुपते. माझ्याकडचं सगळ्यात पक्कं उत्तर हेच आहे. ते मी आजवर गल्ल्यावर दिलं नाही, कारण शेजारी आई बसलेली असते.

ते उत्तर असं पक्कं असूनही त्यानंतरच्या १० मार्चला मी तोंड झाकून गेले. तरुण पोरं म्हणाली, ताई, लपून कसली हरकत घेता? त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी उघड्या तोंडानं गेले, तर आईकडे बघवेना, आणि तिचंही बरोबर होतं. करोनात सगळ्यांनीच मास्क लावला म्हणून काही काळ विचार करावा लागला नाही. आता तो पर्समध्ये असतो, चौकात पोचल्यावर ठरवते. काय ठरवलं ते आई विचारत नाही. येत्या १० डिसेंबरलाही आमची दुकानं दुपारी २ नंतरच उघडतील. स्वेटर घ्यायला तेव्हा या. मोर्च्यात यायचं असेल, तर सकाळी ११ ला संविधान चौकात.