आईनं थेटरात लाइव्ह बॅले पाहिला

आई आमच्याकडे इंग्लंडात लेस्टरला येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. अमळनेरहून निघताना सगळ्यांनी तिला भीती घातली होती की तिकडे बोलायला माणूस मिळणार नाही, पण लेस्टर म्हणजे अर्धं गुजरातच आणि आपली अहिराणी गुजरातीला इतकी जवळची की बेल्ग्रेव्ह रोडवर भाजी घेताना ती माझ्यापेक्षा जास्त घासाघीस करते. अडायचं ते इंग्रजीपाशी. टीव्ही लावला की दर दोन मिनिटांनी "काय म्हनस तो?" आणि मी लॅपटॉपवर असलो की चिडायचो, खोटं कशाला सांगू.

फेब्रुवारीत ऑफिसातली एक लिथुआनियाची बाई म्हणाली, आईला 'स्वान लेक'ला ने की, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधून लाइव्ह दाखवतात, आपल्याच गावच्या थेटरात. म्हणजे नाच तिकडे स्टेजवर चालू, तिथे कॅमेरे लावलेले, आणि सॅटेलाइटवरून त्याच क्षणी इकडे मोठ्या पडद्यावर, कुठे काही कापाकापी नाही. तिनेच वर एक किस्सा सांगितला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत युनियनचे प्रमुख गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं तेव्हा सरकारी टीव्हीवर बातम्यांच्या जागी हाच बॅले लावून ठेवला होता, त्यामुळे तिच्या आईला अजूनही ही धून कानावर आली की सरकार पडलं की काय असं वाटतं!

मी बॅले आधी कधीच पाहिला नव्हता, मलाच झोप लागेल अशी भीती. आईला म्हटलं तीन तासांचा नाच आहे, मध्ये दोनदा सुट्टी. ती म्हणाली, "तीन तास म्हनजे काय, आम्ही यात्रामा रातभर तमाशा देखेल शे." आणि पर्समध्ये शेवेची पिशवी टाकली. ही शेव पुढे नडली, कारण सव्वासातला दिवे गेले, बासऱ्या की काय ते सुरू झालं आणि थेटरात इतकी शांतता की पिशवीला हात लावला तरी पुढची गोरी म्हातारी वळून बघायची. मग आईने ती सुट्टीपर्यंत मांडीवर धरून ठेवली, लहान मूल धरावं तशी.

पहिला अंक राजवाड्यातला, राजकुमाराचा वाढदिवस, नाचगाणी. गाणी नाहीतच म्हणा, तिथे कोणी तोंडच उघडत नाही. मी मोबाइलवर गोष्ट वाचून आलो होतो, म्हटलं आईला कानात सांगत जाऊ. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती विचारेचना. मीच हळूच म्हटलं, ती त्याची आई आहे, लग्न कर म्हणतेय. तर म्हणे, "दिखस ना माले." राणीने डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाकडे बोट दाखवलं होतं, बॅलेत त्याचा अर्थ लग्न. अशा ठरलेल्या खुणाच असतात, डोक्यावर हाताला हात फिरवला की नाच, दोन मुठी पुढे एकमेकींवर आडव्या धरल्या की मरण. मी वाचून आलो होतो, तिला न वाचता कळलं, त्यात काय एवढं, लग्नाचा विषय काढलेली आई कुठल्याही भाषेत ओळखू येते.

दुसऱ्या अंकात तळं आणि हंस, म्हणजे जादूगाराच्या शापाने हंस झालेल्या मुली, त्यातल्या एकीवर राजकुमाराचं मन बसतं. पांढऱ्या झग्यातल्या मुली एकामागून एक येतच राहतात, येतच राहतात, आणि सगळ्या पायाच्या बोटांवर. कॅमेरा जवळ गेला की त्यांच्या गळ्याजवळच्या शिरा दिसायच्या, छाती धापतेय पण चेहरा एकदम गार. मागून सगळ्या रांगा दाखवल्या की मात्र माणसं दिसतच नाहीत, नुसती पांढरी नक्षी. चार छोट्या हंसांचा तो प्रसिद्ध तुकडा आला, चौघी हातात हात गुंफून, सोळा सतरा वेळा पाय, मान डावीकडे, मान उजवीकडे, एकीचं चुकलं तर चौघींचं दिसणार. आई एकदम म्हणाली, "सारंगखेडाना घोडा नाचस, तश्या पाय उचलतस या." तुम्ही दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी नाचरे घोडे पाहिले असतील तर तुम्हाला कळेल की ही शिवी नाही, ही फार मोठी दाद आहे.

सुट्टीत शेव सुटली. पडद्यावर तेवढ्यात मागचं दाखवत होते, एक नर्तकी जमिनीवर बसून स्वतःच्या बुटांना स्वतःच रिबिनी शिवत होती. तो बूट आतून लाकडाचा असेल असं मला वाटायचं, पण कापड न् कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असतात, आणि घामाने, नाचाने मऊ पडतात, मोठ्या भूमिकेत एका रात्रीत जोड संपू शकतो. आईने आमच्या तिघा भावंडांची फी ब्लाउज शिवून भरली आहे. शेवेचा घास तसाच हातात, नजर त्या सुईवर. "दोरा दुहेरी शे. बेस." एवढंच.

तिसऱ्या अंकात काळ्या पोशाखातली दुसरीच मुलगी येते, त्या जादूगाराची, आणि राजकुमार तिलाच तळ्यावरची हंसमुलगी समजून लग्नाचा शब्द देऊन बसतो. आईने माझा दंड धरला. "हाई ती नही! पन पोरगी तीच शे!" दोन्ही बरोबर. दोन्ही भूमिका एकच नर्तकी करते, मी गोष्ट वाचूनही चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं. मग त्या एका पायावरच्या गिरक्या, ३२, हवेतला पाय चाबकासारखा फिरवत. चक्कर येऊ नये म्हणून नजर एका जागी रोखतात, अंग वळतं, डोकं सगळ्यात शेवटी झटकन फिरतं. आई फुगडीसारखं मोजत होती. तिच्या एकोणतीस भरल्या. "तीन खाई गयी," म्हणे. अगं, तू उशिरा सुरू केलंस. पण ऐकेल तर आई कसली.

आणि ह्याच्यानंतर थोड्या वेळात आमच्या थेटरातलं चित्र अडकलं. राजकुमार उडी मारून हवेत, पाय फाकलेले, तसाच. संगीत पण बंद. आई मोठ्याने, "लटकी गया!" आणि ती पुढची म्हातारी, जिला एक अक्षर कळलं नसणार, तीच आधी हसली. अर्ध्या मिनिटाने चित्र पुन्हा हललं तेव्हा तिकडे लंडनमध्ये टाळ्या चालू होत्या, उडी कशी संपली ते आम्ही कधीच पाहणार नाही. चिडायला पाहिजे होतं पण मला तेव्हाच पटलं की हे खरंच आत्ता चालू आहे.

शेवट रडवतो. हंसमुलगी तळ्यात उडी घेते, राजकुमार तिचं निपचित शरीर उचलून आणतो. गाडीत बसल्यावर मी माझं वाचलेलं ज्ञान पाजळलं, की १८७७ साली मॉस्कोत पहिल्यांदा केला तेव्हा फारसा चालला नाही, आणि त्याचा संगीतकार चायकोव्हस्की १८९३ ला गेला, आज जो नाच करतात त्याचा पाया पेतिपा आणि इव्हानोव्ह या नाच बसवणाऱ्यांनी १८९५ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये घातला. शेवटही ज्याचा त्याचा वेगळा, कुठे दोघं बुडतात, सोव्हिएत काळात तर दोघं वाचून सुखी पण व्हायची. आई खिडकीतून बाहेर बघत होती, ऐकतेय की नाही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशीला फोन लावून बसली. चहा गार झाला, मी ऑफिसची बॅग भरली, डबा भरला, तरी हंसच चालू. घोडे, बूट, दुहेरी दोरा, तीन खाल्लेल्या गिरक्या, सगळं अहिराणीत, एकदाही न अडता. स्पीकरवर मावशीचा आवाज आला, "मंग? त्या पोरीनं काय व्हयनं?"

"काय व्हवानं? तो तिले घर लई गया. लगीन व्हयनं."

मी बुटात पाय घालता घालता वर पाहिलं. आईने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तिले बीपी शे."