आत्यांच्या थिअऱ्या आणि 'वन्स अपॉन अ टाइम'

आमच्या घरात सध्या रात्रीची जेवणं आवरली की एकच विषय, हा नक्की कोण? म्हणजे 'वन्स अपॉन अ टाइम' मधला. मी, जाऊबाईंची मुलगी (अकरावीला आहे) आणि सासूबाई, ज्यांना मी लग्न झाल्यापासून आत्याच म्हणते, अशा तिघी मिळून ही सिरीज बघतोय आणि आता तिसऱ्या सीझनला आलोय. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते. ज्यांना ही सिरीज बघायचीय त्यांनी इथंच थांबा बरं का, पहिल्या दोन सीझनची सगळी गुपितं पुढं येणारेत.

ज्यांना नुसतं नाव माहितीय त्यांच्यासाठी थोडक्यात. ही 2011 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एबीसी चॅनेलवर सुरू झाली आणि 2018 मध्ये संपली, सात सीझन, 155 एपिसोड. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ या दोघांनी बनवलेली, दोघं आधी 'लॉस्ट'चे लेखक होते. दुष्ट राणी शाप देते आणि परीकथेतली सगळी माणसं आपल्या आजच्या जगात मेन राज्यातल्या स्टोरीब्रूक नावाच्या गावात येऊन पडतात, आणि आपण कोण होतो हेच विसरतात. स्नो व्हाइट शाळेत बाई, राणी गावाची मेयर, रंपलस्टिल्टस्किन गहाणवटीचं दुकान चालवणारा मिस्टर गोल्ड. गावातलं घड्याळ सव्वाआठवर थांबलेलं. फक्त स्नो व्हाइटची मुलगी एमा शापातून सुटलेली, ती अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर गावात येते. म्हणजे गावात जो कोणी नवीन चेहरा दिसेल तो कुठल्यातरी गोष्टीतला कोणीतरी असणारच! डॉक्टर दिसला, पेपरवाला दिसला, मोटारसायकलवर कोणी आला की लगेच डोक्यात चक्र सुरू.

मी ही पहिल्यांदा बघितली ती हॉस्टेलला असताना, पेनड्राइव्हवरनं. तेव्हा एक एपिसोड बघितला की पुढचा मिळेपर्यंत आठवडा जायचा आणि त्या आठवड्यात मेसमध्ये, बसमध्ये, रात्री गच्चीवर आम्ही पोरी नुसत्या त्यावर बोलत बसायचो, कुणी म्हणायची गोल्डला सगळं आठवतंय, कुणी म्हणायची छे गं, नुसता खडूस आहे तो. आता सगळं एका जागी मिळतं आणि एक एपिसोड संपला की दहा सेकंदात दुसरा चालू होतो. थिअरी मांडायला जागाच नाही राहिली, डोक्यात काही जुळायच्या आधीच उत्तर समोर. म्हणून घरात मी नियम केलाय, एका रात्री एकच, मग टीव्ही बंद. पुतणी कुरकुरते पण आत्यांना ते पटलंय कारण त्यांना दहाला झोपायचं असतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आत्या भाजी निवडत बसतात आणि सुरू होतं, "मला रात्रभर तेच डोक्यात व्हतं बघ..."

आत्यांना इंग्रजी येत नाही. पुतणी शेजारी बसून मराठीत सांगत जाते, तेही सगळं नाही, निम्मंअर्धं. त्यामुळं आत्या बोलण्यापेक्षा चेहरे जास्त बघतात, कोण कुणाकडं बघतंय, कोण गप्प झालं, कुणाचा हात थांबला. आणि त्यांना स्नो व्हाइट, रेड रायडिंग हूड या गोष्टी लहानपणी कुणी सांगितलेल्या नाहीत, त्यांच्याकडं श्रावणातल्या कहाण्या आहेत, आटपाट नगर, आवडती नावडती, शिवामूठ. आम्हाला वाटलं होतं की ही सिरीज त्यांना जड जाईल, पण झालं उलटंच.

पहिल्या सीझनचा पंधरावा एपिसोड, लाल टोपडंवाल्या रेडचा. गावाबाहेर लांडगा फिरतोय, माणसं मारतोय, आणि तिची आजी तिला रात्री घराबाहेर सोडत नाही आणि तो लाल झगा अंगावरनं काढू नको म्हणून मागं लागलेली असते, लाल रंगानं लांडगा लांब राहतो असं तिचं म्हणणं. रेडला वाटतं की आपला प्रियकर पीटरच लांडगा आहे. मला शेवट माहीत होता म्हणून मी गप्प. पुतणी ठामपणे म्हणाली, पीटर नाही, आजीच असणार, कारण मूळ गोष्टीत लांडगा आजीचे कपडे घालून झोपतो ना. आणि आत्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं ती पोरगीच लांडगा हाय." आम्ही दोघी बघतच राहिलो. पुतणी म्हणाली, असं कसं आजी, तिलाच तर लांडगा खातो गोष्टीत. आत्या म्हणाल्या, "लांडग्याची भीती असती तर म्हातारीनं दाराकडं बघितलं असतं. तिचं सगळं ध्यान पोरीच्या अंगावरच्या कापडावर. ते कापड लांडग्याला हाकलायला न्हाई, पोरीला धरून ठेवायला हाय."

आणि खरंच तसंच निघालं! झगा अंगावर असला की रेडचा लांडगा होत नाही. पुतणी उठून आत्यांना मिठी मारायला गेली, मेथी सगळी सतरंजीवर.

त्या दिवसापासून मला हे जाणवायला लागलंय की मूळ गोष्ट पाठ असलेला माणूस थिअरी मांडतो तेव्हा तो गोष्टीच्या मागं जातो, आणि आत्या माणसाच्या मागं जातात. आणि या सिरीजवाल्यांचा सगळा खेळच मुळी आपल्याला पाठ असलेली गोष्ट आपल्याच विरुद्ध वापरायचा आहे. तसं माहीत असलेली गोष्ट परत बघायला बसणं आपल्या सांगलीला नवीन नाही म्हणा, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी लोक आलेच की. पण तिथं राम रामच असतो. इथं मंडपात बसलेल्यातला राम कोण हेच शोधायचंय.

गोल्डचं बघा. पहिल्याच एपिसोडमध्ये, परीकथेच्या जगात स्नो व्हाइट तुरुंगात रंपलस्टिल्टस्किनला भेटायला जाते, तो तिला शापाबद्दल सांगतो आणि बदल्यात काय मागतो, तर पोटातल्या बाळाचं नाव. ती सांगते, एमा. आणि शेवटी शेवटी एमा स्टोरीब्रूकमध्ये ग्रॅनीकडं खोली घेताना तिथं गोल्ड येतो, तिचं नाव ऐकतो आणि जरासा थांबतो आणि म्हणतो, किती छान नाव. बास. एवढंच. पैशांचं बंडल घेऊन निघून जातो. आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की त्याला सगळं आठवतंय ही थिअरी पहिल्याच रात्री तयार होते, आणि सिरीज मात्र ते बाराव्या एपिसोडपर्यंत ताणते, तिथं तो कोठडीत असतो, राणी त्याचा तो टवका उडालेला कप घेऊन येते आणि कपाच्या बदल्यात त्याचं खरं नाव विचारते. तो सांगतो. मला तो प्रसंग आजही बघताना अंगावर काटा येतो, रॉबर्ट कार्लाइल काय ताकदीचा नट आहे, त्या कपाकडं तो ज्या नजरेनं बघतो ती एक नजर पुरे.

यात अजून एक गंमत आहे. ग्रिम बंधूंची रंपलस्टिल्टस्किनची जी मूळ गोष्ट आहे ती स्वतःच ओळखा पाहू चा खेळ आहे. राणीला तीन दिवसात त्या बुटक्याचं नाव ओळखायचंय, नाहीतर बाळ जाणार. ती शेकडो नावं घेते, एकही बरोबर येत नाही. शेवटी तिचा जासूद रानात जातो, तिथं तो बुटका शेकोटीभोवती नाचत स्वतःचं नाव गात असतो, ते ऐकून येतो. म्हणजे राणीनं ओळखलं नाहीच, तिला स्पॉयलर मिळाला! हे मी पुतणीला मुद्दाम सांगितलं कारण ती मधे मधे मोबाईल उघडून पुढचं वाचून येते आणि मग थिअरी म्हणून आम्हाला सांगते. राणीचं बाळ पणाला लागलं होतं म्हणून तिला माफ आहे. तुझं काय पणाला लागलंय गं बाई?

आता ऑगस्ट. मोटारसायकलवरनं गावात येतो, मागं पेटी, पेटीत टाईपरायटर. स्वतः लेखक आहे म्हणतो. पुतणीची थिअरी, एमाच्या मुलाकडं, हेन्रीकडं, जे गोष्टींचं पुस्तक आहे ते यानंच लिहिलंय. आत्यांची थिअरी, हा गोल्डचा हरवलेला मुलगा. कारण काय, तर "तो दुकानाभोवती घुटमळतोय आन् आत जायला भितोय, बापाला भेटायला भिणारं पोरगं असंच करतंय." आणि एकोणिसाव्या एपिसोडमध्ये गोल्डलाही तेच वाटतं. रानात तो ऑगस्टला मिठी मारून रडतो, माफी मागतो, आपली ती सुरी, जिच्यात त्याची सगळी ताकद आहे, ती देऊन टाकतो. आणि ऑगस्ट त्या सुरीच्या जोरावर त्यालाच हुकूम सोडायला बघतो, तेव्हा त्याला कळतं की हा आपला नाही. त्याचा खरा पोरगा तर जादू नसलेली जागा हवी म्हणून निघाला होता, तो इथं येऊन सुरीची जादू कशाला आजमावेल?

मला या सगळ्या सिरीजमधला हा प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. गोल्ड म्हणजे सगळ्यांचे डाव आधी ओळखणारा माणूस, शेकडो वर्षांचं पुढचं बघणारा, आणि तोसुद्धा एका थिअरीला भुलला, कारण ती त्याला खरी व्हायला हवी होती. आत्या त्या रात्री बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बापच फसला, मग मी कोण." पुढच्याच एपिसोडमध्ये कळतं की ऑगस्ट म्हणजे पिनोकियो, एमा गावात थांबायचं ठरवते त्या घडीला सव्वाआठला जगाच्या पार दुसऱ्या टोकाला त्याचा पाय लाकडाचा व्हायला लागलेला असतो. घड्याळाचा काटा आणि लाकडी पाय एकाच क्षणाला! आणि हे कळल्यावर तो लंगडत का होता तेही कळतं. आत्यांनी लंगडणं बघितलं होतं, बोलूनही दाखवलं होतं, "ह्याच्या पायाला काय झालंय?" हा संकेत घरात बसलेल्या प्रत्येकाच्या हाताला लागणारा होता. म्हणून ते उत्तर गोड लागलं.

याउलट डॉक्टर व्हेल. पुतणी पहिल्यापासून म्हणत होती, व्हेल म्हणजे पिनोकियोला गिळणारा देवमासा. दुसऱ्या सीझनच्या पाचव्या एपिसोडला कळतं की तो व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन, काळ्यापांढऱ्या जगातला. आणि नावाचं कारण काय, तर 1931 च्या फ्रँकेनस्टाइन सिनेमाचा दिग्दर्शक जेम्स व्हेल. हुशारी आहे, नाही म्हणत नाही, आणि काळ्यापांढऱ्या जगाची कल्पना तर फारच सुंदर, एकदम रंग जातात आणि मग रंपलस्टिल्टस्किन तेवढा वेगळा उठून दिसतो. पण हे ओळखायला नव्वदेक वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा दिग्दर्शक माहीत पाहिजे. आत्यांनी कितीही बारीक बघितलं असतं तरी त्यांना हे सापडलं नसतं. माझ्या मते हा डाव सरळ नाही. ज्या कोड्याचं उत्तर गोष्टीच्या बाहेर ठेवलंय त्या कोड्यावर माणसानं विचार कशाला करायचा? पुतणीला हे पटत नाही, ती म्हणते काकू, शोधून काढण्यातच मजा आहे. आमचा यावर वाद झाला, अजून मिटलेला नाही. आत्यांचं म्हणणं एवढंच, त्या डॉक्टरनं मेलेल्या भावाला उठवायला बघितलं ते वाईट केलं.

काल तिसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड झाला. बाहेर पाऊस धो धो, मधेच यांचा फोन आला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी चढायला लागलंय, गाडी वर लावा, तर आम्ही पॉज करून गाडी लावून आलो आणि परत बसलो. सगळे नेव्हरलँडला, म्हणजे पीटर पॅनच्या बेटावर पोचलेत. तिथं एक पोरगा गोल्डच्या हातात काड्यांची छोटी बाहुली टाकतो, पीटर पॅनकडनं. आणि गोल्ड ती बघून ढसाढसा रडतो. पुतणी म्हणाली बाहुलीत जादू असणार. आत्यांनी मला तो प्रसंग परत लावायला सांगितला. परत बघितला. मग अजून एकदा.

आज सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "एवढा बाप्या माणूस बाहुली बघून रडतोय म्हंजे ती त्याची ल्हानपणीची हाय. ती कुणापाशी ऱ्हायली असंल? घरातल्याच कुणापाशी की. तो पॅन पोरगा त्याचा भाऊ हाय बघ, धाकटा, ह्यानं त्याला कुठंतरी टाकून आलेला." मी चहा गाळत होते, पाठ त्यांच्याकडं होती ते बरं झालं. पुतणीनं लगेच मोबाईल उचलला तर तिच्या हातातनं काढून घेतला. बरोबर की चूक ते मी तिसऱ्या सीझनचं काहीही इथं लिहिणार नाही, कारण ही पोरगी माझं सगळं वाचते. आठव्या एपिसोडच्या दिवशी मात्र मी बँकेतनं लवकर निघणार आणि स्वयंपाक दुपारीच करून ठेवणार, आत्या बघत असताना मला त्यांच्याकडं बघायचंय.