सी अँड ओ कालवा : हॅनकॉक ते पॉ पॉ बोगदा

अमेरिकेतील सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) या जुन्या कालव्याच्या काठाने जॉर्जटाउन ते कंबरलँड असा 184.5 मैलांचा टोपाथ, म्हणजे बोटी ओढणाऱ्या खेचरांची वाट, जातो. त्यावरची माझी टप्प्याटप्प्याची सायकलफेरी आता पॉ पॉ बोगद्याच्या पलीकडच्या तोंडापर्यंत, म्हणजे 156 व्या मैलापर्यंत पोहोचली आहे. पुढील नोंद हॅनकॉकपासूनच्या टप्प्याची आहे.

सुरुवातीच्या मैलांविषयी सांगण्यासारखे फार नाही. समांतर धावणारा डांबरी रेल-ट्रेल (जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट) सोडून मी मुद्दाम मातीचा टोपाथ धरला, कारण लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) आणि जलसेतू (कालवा नदी-ओढ्यांवरून नेणारे पूल) जवळून पाहायचे तर तीच वाट बरी. पावसानंतर मात्र तिथे चिखल साचतो, तेव्हा रुंद टायर असलेले बरे.

खरी गंमत लिटल ऑर्लिअन्सनंतर सुरू होते. ज्यांनी याच कालव्यावरील सेनेका परिसरातील लाल वालुकाश्माची, रेखीव घडाईची लॉक पाहिली आहेत, त्यांना 58 क्रमांकापासूनची लॉक ओबडधोबड वाटतील. कालवा बांधणाऱ्या कंपनीची तिजोरी आटल्यामुळे 58 ते 71 या लॉकच्या भिंती हलक्या प्रतीच्या दगडात उभारून आतील बाजूस लाकडाचे अस्तर लावण्यात आले. ते लाकूड आता उरलेले नाही, त्यामुळे एरवी झाकले गेले असते ते खडबडीत बांधकाम आज उघडे दिसते. माझ्या मते कालव्याचा हाच भाग सर्वांत वाचनीय आहे, कारण आर्थिक ओढाताण इथे थेट भिंतीवर दिसते. बोगद्याच्या अलीकडे 63⅓ आणि 64⅔ असे क्रमांक असलेली लॉक लागतात आणि त्यांच्यापुढे एकदम 66 येते. ठरलेल्या चार लॉकऐवजी तीनच बांधून प्रत्येकाची उंची वाढवली गेली आणि पुढचे क्रमांक बदलायला नकोत म्हणून हे अपूर्णांक आले. हिशेबनीस मंडळींना हा तोडगा नक्की आवडेल!

3,118 फूट लांबीच्या या बोगद्यामुळे पोटोमॅक नदीची सुमारे सहा मैलांची वळणे टळली. ली मॉन्टगोमेरी या कंत्राटदाराने 1836 मध्ये काम हाती घेतले. परंतु कठीण, ठिसूळ थरांचा खडक, मजुरांमधील दंगली आणि थकलेली देणी यांमुळे ते मध्यंतरी वर्षानुवर्षे बंद राहिले आणि 1850 मध्ये पूर्ण झाले. तोपर्यंत, कालव्याच्याच दिवशी, 4 जुलै 1828 रोजी, कामाचा शुभारंभ झालेली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे 1842 मध्येच कंबरलँडला पोहोचली होती. तरीही कंबरलँडचा कोळसा वाहणाऱ्या, खेचरांनी ओढलेल्या बोटी 1924 च्या पुरापर्यंत या मार्गाने जात राहिल्या.

बोगद्यात एका वेळी एकच बोट जाऊ शके. आतील टोपाथही अरुंद आणि खाचखळग्यांचा आहे, त्यामुळे सायकलवरून उतरून चालावे लागते आणि चांगल्या प्रकाशाची विजेरी हवीच. बाहेरच्या खोल खोदाईत दरडी कोसळतात. वाट बंद असल्यास डोंगरावरून जाणारी पायवाट आहे, परंतु सामानाने लादलेली सायकल तिथून ढकलत नेणे कष्टाचे आहे. म्हणून निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या सूचना पाहाव्यात.

उरलेले सुमारे 28 मैल मी उन्हाळ्यात करणार आहे, कारण मुक्कामाच्या जागांवरील हातपंपांचे दांडे हिवाळ्यात काढून ठेवतात आणि पाण्याचा सगळा भार सायकलवर येतो.