टोपण

मंगळवार, रात्र

तसं पाहिलं तर झालं काहीच नाही. दोन मिनिटांची गोष्ट.

जेवणाच्या टेबलावर ग्लेंडाच्या, म्हणजे आमच्याकडे राहून घर आणि माझ्या मुलीला, ओवीला, सांभाळणाऱ्या बाईच्या, नव्या कराराचा फॉर्म पसरला होता. आयडी 407. तिसऱ्यांदा भरतेय, त्यामुळे कुठल्या पानावर काय आहे ते न बघता सांगेन. मुदत संपायच्या आठ आठवडे आधीपासून इथे हाँगकाँगमध्ये इमिग्रेशनकडे अर्ज देता येतो आणि यंदा मी शहाण्यासारखी पहिल्याच आठवड्यात बसले होते. पेन उघडलं, नाव लिहिलं. तेवढ्यात ती ओट्यापाशी हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी मॅम. आय ॲम प्रेग्नंट."

मी म्हणाले, "व्हेन?"

ती म्हणाली, "आफ्टर काँट्रॅक्ट, मॅम."

आणि मी पेनाला टोपण लावलं. टक्.

बास, एवढंच. नंतर सगळं केलं मी. उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, अभिनंदन केलं, पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. पण ते सगळं टोपण लावल्यानंतरचं. आधी टक् झालं होतं आणि तिने ते पाहिलं होतं.

दुपारपासून मी स्वतःला समजावतेय की उघडं पेन वाळतं, माणूस सवयीने टोपण लावतो. पण मी कुठलं पेन कधी बंद केलंय? या घरातली सगळी पेनं ग्लेंडाच बंद करत फिरते.

आणि ते "व्हेन". मला म्हणे बाळ कधी येणार ते विचारायचं होतं. नवऱ्याला, निखिललाही मी असंच सांगितलं. पण तिने तारीख सांगितली नाही, महिनाही नाही. मी काय विचारतेय ते तिला माझ्याआधी कळलं होतं. चार वर्षं एका घरात राहून तिला माझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं समजायला लागलंय.

हिशोब मीही केलाच. ती भांडी विसळत होती आणि मी टेबलाखाली बोटं मोजत होते. करार ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो, बाळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला. चार आठवडे आधी बाळंतपणाची रजा सुरू होते असं धरलं तरी सप्टेंबर. म्हणजे करार नाही वाढवला तर आपल्यावर काही येत नाही, आणि वाढवला तर चौदा आठवड्यांची रजा, पगाराचा चार पंचमांश. आम्ही 6000 हाँगकाँग डॉलर देतो, म्हणजे महिन्याला 4800, सगळे मिळून साडेपंधरा हजार डॉलरच्या आसपास. त्यातले शेवटच्या चार आठवड्यांचे सरकार परत देतं. हे शेवटचं वाक्य मनात आल्यावर मला बरंसुद्धा वाटलं. हे लिहून ठेवतेय, कारण उद्या मी हे नाकारीन.

मेघाला फोन केला. ती म्हणाली, कळवल्यावर काढता येत नाही हां, लाखभर डॉलरचा दंड आहे. मी म्हटलं, काढतंय कोण, करार आपोआप संपतोय. तर म्हणाली, गरोदर आहे म्हणून वाढवला नाहीस तर लिंगभेदाच्या कायद्यात अडकशील, ते वेगळंच प्रकरण. मग तिने तिच्या आधीच्या बाईचं काहीतरी सांगायला घेतलं. मी ऐकलं नाही.

आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न "कितवा?" सहावा म्हटल्यावर, "मग डोहाळे लागले असतील गं, काय खावंसं वाटतं तिला?" मला माहीत नव्हतं. आईचा दुसरा प्रश्न "आता तुझं कसं व्हायचं?" तेव्हा मात्र मला रडू आलं. खरंच, माझं कसं व्हायचं? ऑगस्टमध्ये ओवीची शाळा, सप्टेंबरात ऑडिट, निखिल अर्धा महिना सिंगापूरला. नवीन मुलगी आणायची म्हणजे एजन्सी, व्हिसा, दोन-अडीच महिने आणि पुन्हा पहिल्यापासून ओवीचं सगळं. मी काय वाईट केलं होतं? सुट्टी दिली, तिकीट आम्ही काढलं. (निखिल म्हणाला, "जानेवारीचं तिकीट आपणच काढलं होतं, तर थोडी जबाबदारी आपलीही येते." नको तिथे विनोद.)

सहावा महिना. साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात सहा महिने मला दिसलं नाही. रविवारच्या सुट्टीत चेटर रोडवर पुठ्ठा अंथरून बसणाऱ्या तिच्या साऱ्या मैत्रिणींना माहीत असणार. मार्चमध्ये "कॉन्सुलेटमध्ये काम आहे" म्हणून दोनदा गेली, ते कॉन्सुलेट कुठलं होतं ते आता कळलं. आणि मे महिन्यात आम्ही कपाट आवरलं तेव्हा ओवीचे तान्हेपणीचे कपडे निघाले. ती म्हणाली, "स्मॉल वन्स, कीप, मॅम?" मी हसून म्हटलं होतं, कोणासाठी, मला नाही हो दुसरं. तिने एकेक झबलं मांडीवर घेऊन, बाह्या आत दुमडून, बोटांनी शिवण सरळ करून घडी घातली. मला वाटलं, काय वेळ लावतेय.

झोप येत नाहीये म्हणून आणखी एक हिशोब केला. मी रजेवरून परत गेले तेव्हा ओवी अडीच महिन्यांची होती. 2020 च्या डिसेंबरात इथे रजेचे दहा आठवड्यांचे चौदा झाले म्हणून मला चौदा मिळाले, आणि तरी मी ऑफिसात भांडले होते की चौदा आठवड्यांत काय होतं, अजून तिची मान नीट धरत नाही. त्याच आठवड्यात ग्लेंडा आली. बॅग दारात, हात धुतले आणि ओवीला घेतलं. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, फिलिपिन्समध्ये इलोइलोला, आजीपाशी. आता करार वाढवला आणि चौदा आठवडे धरले, तर ती परत येईल तेव्हा हे बाळ किती असेल? अडीच महिन्यांचं.

तेच चौदा मला दुपारी केवढे मोठे वाटले होते.

बुधवार

सकाळी उठले तर टेबल स्वच्छ. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली, पेन स्टँडमध्ये. आणि ग्लेंडा स्टुलावर चढून खिडकी पुसतेय! मी ओरडलेच, उतर खाली. ती उतरली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ओन्ली इनसाइड, मॅम." 2017 पासून करारातच आहे, वरच्या मजल्यावरच्या खिडकीची बाहेरची बाजू पुसायला जाळी हवी. आम्ही दोघीही तो करार फारच चांगला वाचलाय.

मग मी खिडकी पुसली. वाईट पुसली. ती खालून डाग दाखवत होती.

निखिलचं म्हणणं, शांतपणे बसून ठरवू. ठरवू. बत्तिसाव्या आठवड्यात विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात म्हणे, तेही बघायला हवं. करार संपल्यावर इथे राहायला दोनच आठवडे मिळतात. तिला काय हवंय, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. म्हणजे मी.

रात्री ओवी झोपल्यावर स्वयंपाकघरात गेले. कसं सुरू करावं कळेना. आईचा प्रश्न आठवला, म्हणून विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, हिरवा आंबा, मीठ लावून. फिलिपिनो बाईला आणि आपल्याकडच्या बाईला एकच! पाच महिने फ्रिजमधल्या कैऱ्या कुठे जात होत्या तेही कळलं. मी आईला नावं ठेवत होते, तिने लोणच्यापुरत्याच पाठवल्या म्हणून.

मग म्हटलं, पुढच्या तपासणीला मी येते सोबत. आणि तोंडातून पुन्हा तेच निघालं, "व्हेन?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना, ओट्याला टेकून, पोटाला हात लावून हसली.

"बिफोर काँट्रॅक्ट, मॅम."