पाच आणि सात: हिवाळ्यातलं काम आणि फॅमोसोचे तीन रन

ऑक्टोबरनंतरची ही पहिली नोंद. मागच्या वेळी आमची ड्रॅगस्टर (सरळ, छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी) जिथे अडली होती तिथूनच सुरू करतो. अर्धा ट्रॅक पार झाला की सात नंबरचा सिलिंडर विझत होता. तीन रन मारले, तिन्ही वेळा तेच. कारण काही केल्या सापडत नव्हतं. आता सापडलंय आणि चूक माझी निघाली. ती सविस्तर लिहितो, कारण नायट्रोच्या, म्हणजे नायट्रोमिथेन इंधनाच्या, इंजिनाला हात लावणाऱ्या कुणाकडूनही ती होऊ शकते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं. आमची टॉप फ्युएल (नायट्रोवर चालणाऱ्या वर्गातली) ड्रॅगस्टर जुन्या घडणीची, इंजिन पुढे असलेली, म्हणजे स्लिंगशॉट. चालक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसतो, बेचकीच्या चामड्यात दगड बसावा तसा. ही घडण मागे पडली त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचं ट्रान्समिशन सुटतानाच फुटलं आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. पुढच्याच वर्षी ते इंजिन मागे घेतलेली गाडी घेऊन उतरले, जिंकायला लागले, आणि बघता बघता सगळ्यांनी इंजिनं मागे नेली. आम्ही नॉस्टॅल्जियावाले अजून त्याच जुन्या मांडणीवर जीव लावून बसलोय. पाव मैलाचा ट्रॅक, १,३२० फूट, गिअरबॉक्स नाही, थेट क्लच. इंजिन ४२६ हेमीच्या घडणीचं, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. ट्रक-बसच्या इंजिनावरचा तो भाग पोरांनी उचलला आणि रेसिंगला लावला, हे मला आजही फार आवडतं.

टीममध्ये आम्ही सहा जण. पगार कुणालाच नाही. वर्कशॉप कॅलिफोर्नियात मोडेस्टोला, मी राहतो फ्रीमाँटला. शनिवारी पहाटे निघायचं आणि रात्री उशिरा घरी यायचं, असं हे चौथं वर्ष. माझं काम बॉटम एंडचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाचं. रन झाला की गाडीखाली शिरायचं, तेल काढायचं, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवायचा, बेअरिंग बघायची, जे खराब असेल ते बदलायचं आणि पुढच्या राउंडच्या आत सगळं परत चढवायचं. त्यातून वेळ उरला की इंधन फवारणारी नोझल साफ करायला वर. सगळा ट्यूनअप ज्यांच्या हातात आहे त्यांना मी काका म्हणतो. लहानपणी ते वडिलांचं बोट धरून फॅमोसोच्या ड्रॅग स्ट्रिपवर यायचे. या शब्दाचा अर्थ मी त्यांना सांगितला तेव्हापासून टीममधले सगळेच त्यांना काका म्हणतात, उच्चार जमेल तसा.

आता सात नंबर. नायट्रोवर सिलिंडर विझणं म्हणजे नुसती ताकद कमी होणं नव्हे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमिथेनला साधारण १.७ किलो पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत आठ पटींहून जास्त इंधन ओतता येतं. किलोमागे नायट्रोची ऊर्जा पेट्रोलच्या पाव हिश्श्याएवढीच, तरी तेवढ्याच हवेतून सव्वादोन पट काम निघतं. सगळी गंमत त्यातच आहे, आणि धोकाही. प्लग विझला तरी नोझल काही थांबत नाही. आत न जळलेलं इंधन साचत जातं, आणि द्रव काही दाबला जात नाही. रॉड वाकतो, हेड उचललं जातं, कधीकधी ब्लोअरच उडतो. ट्रॅकच्या कडेला उभं राहिलं की स्पष्ट दिसतं: सात पाइपांतून ज्वाळा आणि एकातून पांढरा फवारा. तो फवारा दिसला की पोटात गोळा येतो. आमचा चालक शहाणा, तिन्ही वेळा त्याने वेळेवर पाय काढला. सर्वांत बरा रन ६.४ सेकंदांचा, तोही शेवटी नुसता घरंगळत गेलेला.

नोव्हेंबरात इंजिन पूर्ण खोललं. पहिला संशय प्लगच्या वायरींवर. क्रायस्लरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात एकामागोमाग पेटतात, आणि दोघे डाव्या बाजूला शेजारी शेजारी. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून गेल्या तर पाचची ठिणगी सातमध्ये उडी मारू शकते. वायरी बदलल्या, अंतर ठेवून नव्याने बांधल्या. ठिणगीची वीज देणारा मॅग्नेटो तपासायला पाठवला, तो ठणठणीत निघाला. टॅपेट सेटिंग, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, हेड गॅस्केट सगळं बघून झालं. साताचा प्लग सांगायचं ते सांगत होता: ओला, आणि वाकडा पाय टोकापर्यंत चांदीसारखा चकचकीत. म्हणजे सिलिंडर थंड, इंधन जास्त.

माझ्या टेबलावर तेव्हा दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याचा साताशी संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पाच नंबरच्या रॉडचं वरचं बेअरिंग. बाकी सात बेअरिंगांवरून अंगठा फिरवला की गुळगुळीत राखाडी पृष्ठ लागतं, मधोमध किंचित चमक. पाचाच्या बेअरिंगवर मधला भाग ठोकून चपटा झालेला, आणि वरचा मऊ थर दोन्ही कडांकडे सरकून पातळ ओठासारखा बाहेर आलेला. नखाला लागत होता. वरच्या अर्ध्यावर असा मार बसतो तो वरून हातोडा पडल्यासारखं डिटोनेशन होतं, म्हणजे इंधन नीट जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखं पेटतं, तेव्हा. म्हणजे पाच गरम चालत होता, इंधन कमी पडत होतं. मी वहीत लिहिलं, ‘पाच: बेअरिंग बदलावं, पिस्टन बघावा’, आणि पुढे गेलो. पिस्टनची कड खरोखरच किंचित वितळलेली निघाली. तो बदलला आणि तो विषय तिथेच मिटवला. सात थंड, पाच गरम, असे दोन वेगळे आजार म्हणून सहा आठवडे आम्ही दोन वेगळी औषधं शोधत बसलो.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी पाऊस होता, वर्कशॉपमध्ये मी एकटाच. नोझल काढून पिन गेजने एकेक भोक मोजायला घेतलं. ब्लोअर सगळ्या सिलिंडरना हवा सारखी वाटत नाही, म्हणून प्रत्येक पोर्टचं नोझल वेगळ्या मापाचं असतं. ज्याच्या वाट्याला जास्त हवा, त्याला मोठं नोझल. पितळेचा एवढासा तुकडा, करंगळीच्या पेराहून लहान, बाजूला बारीक अक्षरात माप ठोकलेलं. काकांचा तक्ता भिंतीवर टांगलेला आहे. एक बरोबर, दोन बरोबर, तीन, चार. पाचला पिन आत जाईना. आधी वाटलं, कचरा अडकलाय. भिंगाखाली धरून ठोकलेलं माप वाचलं. ते साताचं माप होतं. मग साताचं नोझल हातात घेतलं. वाचायच्या आधीच कळलं होतं त्यावर काय असणार.

ऑक्टोबरात पहिल्या रनच्या आधी आठही नोझल मीच काढून साफ केली होती. घाईत एका फडक्यावर ठेवली, कुणीतरी जॅकचा दांडा मागितला म्हणून उठलो, परत आलो आणि लावली. पाच आणि सात आपापल्या पोर्टात गेलीच नाहीत. साताला पाचाचं मोठं नोझल मिळालं आणि तो बुडाला. पाचाला साताचं लहान मिळालं आणि तो होरपळला.

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामांचं वर्कशॉप होतं, इंजिन बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं. दहावीनंतरची सुट्टी मी तिथे काढली. तिथला पहिला धडा: जे उतरवशील ते पत्र्यावर, उतरवलेल्या क्रमाने मांड, आणि मध्ये कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. चेंबर, बेअरिंग, वॉशर यांच्या बाबतीत मी तो नियम आजवर मोडलेला नाही. नोझल माझं रोजचं काम नव्हतं, तिथेच घसरलो.

पुढच्या शनिवारपर्यंत थांबवेना. त्याच संध्याकाळी काकांना फोन केला आणि झालं ते सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग एवढंच विचारलं की पाच आणि सात सोडून तिसरं कुठलं चुकलेलं नाही ना. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग बरं झालं, म्हणजे ट्यूनअप बरोबर होता, त्याला हात लावायचा नाही. पिस्टनचे पैसे देतो म्हटलं, तर त्यांनी विषयच बदलला. पुढच्या शनिवारी मी सागवानी फळीला आठ भोकं पाडली, प्रत्येकाशेजारी आकडा कोरला. आता नोझल निघतं ते थेट फळीत बसतं, आणि परत लावताना दुसरा माणूस माप मोठ्याने वाचतो. पाच मिनिटं जास्त लागतात. तुमच्याकडे अशी फळी नसेल तर या आठवड्यातच करा, खरंच सांगतो.

फेब्रुवारीत दोनदा इंजिन वॉर्मअप केलं. शेजारच्यांना आधी सांगून ठेवतो, तरी पहिल्या ठोक्याला कुत्री भुंकतातच. ब्लोअरवरच्या टोपीत बाटलीने पेट्रोल मारायचं, स्टार्टर लावायचा, इंजिन पकडलं की थोडा वेळ पेट्रोलवर भुरभुरतं, आणि मग चालक इंधन उघडतो. त्या क्षणी आवाज बदलतो, फटफट जाऊन एकेक ठोका छातीवर बसायला लागतो. नायट्रोचा वास नाकात, डोळ्यांत पाणी. मास्क घालूनही थोडं येतंच. आठही पाइपांच्या तापमानांत या वेळी फारसा फरक नव्हता.

मग मार्च मीट, फॅमोसोची दर वर्षीची शर्यत. बेकर्सफील्डच्या उत्तरेला, बदामाच्या बागांमध्ये फॅमोसो. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर ही ड्रॅग स्ट्रिप उभी राहिली. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने १९५७ मध्ये नायट्रोवर बंदी घातली होती, ती १९६३ पर्यंत चालली. त्या काळात, १९५९ मध्ये, बेकर्सफील्डच्या स्मोकर्स क्लबने इथे नायट्रोवाल्यांना बोलावलं आणि गार्लिट्स फ्लोरिडाहून देश ओलांडून आले. नायट्रो टिकला त्यात या जागेचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत. पिटमध्ये ट्रेलर लावताना दर वर्षी मला हे आठवतं.

सकाळी दाट धुकं होतं आणि थंडी. इंधन मिसळायचं काम या वेळी माझ्याकडे. द्रवाच्या घनतेवरून नायट्रोचं प्रमाण सांगणारा हायड्रोमीटर बुडवला, ९२ टक्के दाखवत होता. थर्मामीटर ९ अंश सेल्सिअस. थंड द्रव जड होतो, म्हणून हायड्रोमीटर नायट्रो आहे त्याहून जास्त सांगतो. कोष्टक लावलं तर खरं प्रमाण निघालं ८८, आणि काकांना तेच हवं होतं. तापमान न बघता ‘जास्त झालंय’ म्हणून मेथॅनॉल ओतलं असतं तर ८४ वर आलो असतो, आणि मग पुन्हा सगळे प्लग चकचकीत.

धुकं दहानंतर उठलं. पहिला रन दुपारी. टायर तापवायला बर्नआउट, मग चालकाने गाडी मागे घेतली, मी खाली वाकून गळती बघितली, अंगठा दाखवून बाजूला झालो. पिवळे दिवे, हिरवा. मी एकाच पाइपकडे बघत होतो, डाव्या बाजूच्या शेवटच्या. तो पेटलेलाच राहिला. अर्धा ट्रॅक, हजार फूट, शेवटपर्यंत. ५.९२ सेकंद, ताशी २३८ मैल. या गाडीचा आजवरचा सर्वांत चांगला रन. आम्ही टो गाडीतून शेवटाकडे जात होतो तेव्हा कुणी बोलत नव्हतं, काका खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या रनला ६.०१, तोही आठ सिलिंडरवर. संध्याकाळच्या तिसऱ्या रनला मात्र साठ फुटांवर टायर थरथरले आणि धूर झाला. चालकाने पाय काढला. कारण उघड आहे: आता सातही ताकद देतोय, आणि क्लच अजून सात सिलिंडरच्या हिशोबाने लावलेला. क्लचच्या लिव्हरवरची वजनं कमी करून तो सुरुवातीला जरा जास्त घसरू द्यावा लागेल. प्लेटी मोजून झाल्यात, एक वाकलेली निघाली. एप्रिलमध्ये एक दिवस टेस्टिंगला जायचं ठरतंय, वजनांचे आकडे आणि साठ फुटांचे वेळ त्यानंतरच्या नोंदीत देतो. असाच थेट क्लच कुणी चालवत असेल तर तुमचे आकडे मला नक्की कळवा.

रविवारी संध्याकाळी निघण्यापूर्वी चेंबर उतरवला. तेल गरम होतं, मनगटापर्यंत ओघळलं. पाच नंबरच्या रॉडची कॅप काढून रॉड वर ढकलला, वरचं बेअरिंग सरकवून हातात घेतलं, फडक्याने पुसलं, अंगठा फिरवला. गुळगुळीत, राखाडी, मधोमध किंचित चमक. काकांना दाखवलं. त्यांनीही अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिलं. तेच बेअरिंग पुन्हा चढवलंय.