पणजीचं नाव सापडलं ‘अ.पा.क.’ मध्ये

घरात तिला सगळे ‘मुंबईची आजी’ म्हणायचे. १९१८ ला पाऊस गेला, त्यातच तापाची साथ आली आणि नगर जिल्ह्यातलं आमचं बिऱ्हाड माळशेज उतरून कल्याणमार्गे पश्चिमेला परळला आलं. पणजोबा गिरणीत लागले, पुढे पणजीही वायंडिंग खात्यात. एवढं सगळ्यांना पाठ, पण तिचं नाव एकालाही सांगता येईना. आणि जुन्या नोंदीच्या नकलेसाठीच्या अर्जातला पहिलाच रकाना नावाचा!

तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मागितलं. “नाव, गाव, साल सांगा.” म्हटलं, नावच शोधायला आलोय. तर म्हणे, “नाव आणा, मग शोधू.” हे असं कितीदा झालं ते विचारू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी गर्दी वाढलेली. रांगेतल्या लोकांवर राग नाही, त्यांची निकड माझ्यापेक्षा मोठी. पण जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकी उघडायची ती ‘उद्या या’ म्हणायलाच, हे अजून डोक्यातून जात नाही. शेवटी ‘नोंद आढळून येत नाही’ असा शिक्क्याचा कागद हातात ठेवला. आमच्या गावाचं बासन समोरच्या फळीवर होतं, गाठीवर धुळीचा थर तसाच. सोडलं कधी आणि शोधलं कधी?

त्या कागदावर थांबू नका. माहितीच्या अधिकारात नुसती नक्कल नाही, दप्तराची पाहणीही मागता येते. साधा अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तो दिल्यावर त्याच कार्यालयात मला बसायला खुर्ची मिळाली, वर चहासुद्धा!

माहेरच्या गावचं कोतवाल बुक मोडीत. मोडी वाचणारा सोबत न्या; पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांत शिकलेले भेटतात, पैशाचं आधी बोलून घ्या. तिच्या बापाचं नाव सापडलं, त्यापुढे ‘मुलगी’, बस. पोरीला नाव ठेवायच्या आतच नोंद झालेली.

मिळालं ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत. पणजोबा १९३६ साली गेले. गावी थोडी जिरायत होती, त्या जमिनीला दोन मुलगे वारस लागले, दोघंही अज्ञान, म्हणजे वयानं लहान. म्हणून पुढे लिहावं लागलं: ‘अ.पा.क. आई चंद्रभागा, रा. मुंबई’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, लहान वारसांचा पालक. पोरं सज्ञान असती तर ही ओळ उमटलीच नसती. मी ती चारचौघांत मोठ्यानं वाचली, कारकुनांनी मान वर केली. करू देत.

खरं तर सातबाऱ्यावरून जुने फेरफार क्रमांक आधी काढायचे, कोतवाल बुक नंतर. गिरणीच्या हजेरीपटाच्या मागे मात्र लागू नका, आमच्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहे. १९२९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बाळंतिणीला रोजचे आठ आणे भत्ता होता. धाकट्याचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे भत्त्याच्या कुठल्यातरी वहीत तिचं नाव असणार. ती वही गेली.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लागतं. उशीर झाला, पण झालं.

एक राहिलंच: नक्कल हातात पडली की सही-शिक्का आहे का ते खिडकीवरच बघा. माझ्या नकलेवर शिक्का नव्हता.